केमो चालू असताना आईला चालू द्यावे की पडून राहू द्यावे?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे आणि आम्ही सेलूजवळच्या एका खेड्यात राहतो. दिवाळीच्या सुमारास तिच्या उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ सापडली. शस्त्रक्रियेत स्तन आणि काखेतील गाठी काढल्या आणि आता केमोथेरपी चालू आहे. लाल औषधाचे चार डोस दर २१ दिवसांनी द्यायचे होते, त्यांपैकी तीन झाले आहेत. चौथ्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे दुसरे औषध दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा वेळा द्यायचे आहे आणि त्यानंतर रेडिएशन आहे. उपचारांबद्दल आमची तक्रार काही नाही. अडचण आहे ती दोन डोसांच्या मधल्या दिवसांची.

आईने आयुष्यभर खुरपणी केली, कापूस वेचला, डोक्यावर वैरणीचे भारे आणले. आता मात्र आत्या आणि शेजारच्या बायका तिला बाजेवरून उठू देत नाहीत. अंगात रक्त नाही, मग चालून आहे तेवढी ताकद कशाला घालवायची, असे आत्याचे म्हणणे आहे. उजव्या हाताने तर तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, कारण गावातील एका बाईचा हात अशाच शस्त्रक्रियेनंतर सुजला होता आणि ती पाणी भरत होती म्हणूनच तो सुजला, हे सर्वांच्या मनात पक्के बसले आहे. आई म्हणते, "पोरी, तुम्ही मला नुसतं पाडून ठेवायलाव, पाय माझे राहिले नाहीत." हे तिचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. जानेवारीत जी बाई स्वतःच्या पायांनी बसमध्ये चढत होती, तिला गेल्या आठवड्यात ओट्यावरून उठताना भिंत धरावी लागली.

डॉक्टरांना विचारले तर गर्दीत घाईघाईने "झेपेल तेवढे चालू द्या" एवढेच उत्तर मिळाले. झेपेल तेवढे म्हणजे किती, कोणत्या दिवशी चालायचे आणि कोणत्या दिवशी नाही, हाताला व्यायाम द्यायचा की नाही, आणि हालचालीमुळे आजार अंगात पसरतो असे जे लोक सांगतात त्यात काही तथ्य आहे का, हे कोणी नीट समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

हालचाल (लातूर)

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे रुग्ण बरेच असतात. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्या डॉक्टरांना दाखवून आणि त्यांचा ताजा रक्ताचा अहवाल पाहूनच अमलात आणावे.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती मनातून गेल्याशिवाय घरातील कोणी आईंना उठू देणार नाही. चालण्याने किंवा व्यायामाने कर्करोग अंगात पसरतो, असे माणसांवर झालेल्या कोणत्याही चाचणीत आढळलेले नाही. अमेरिकेतील क्रीडावैद्यक महाविद्यालयाने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने, २०१० साली निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र पाहून उपचारांच्या काळात आणि उपचारांनंतरही व्यायाम सुरक्षित आहे, रुग्णांनी निष्क्रिय राहू नये, असे सांगितले. त्याच संस्थेने २०१८ मध्ये पुन्हा तज्ज्ञांची बैठक घेतली आणि २०१९ मध्ये अधिक नेमकेपणाने लिहिले की आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ३० मिनिटे, मध्यम वेगाचा चालण्यासारखा व्यायाम किमान ८ ते १२ आठवडे केला, तर थकवा, चिंता आणि उदासी कमी होते आणि रोजची कामे करण्याची क्षमता वाढते. स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा, असेही त्यात आहे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये याच्याही पुढे जाऊन, बरे करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असलेल्या रुग्णांना डॉक्टरांनी व्यायामाची शिफारस करावी, अशी मार्गदर्शक सूचना काढली. म्हणजे आपल्या आई ज्या टप्प्यावर आहेत, नेमक्या त्याच टप्प्याविषयी हे सांगितलेले आहे.

आता थकव्याविषयी, कारण आत्यांचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. शेतात दिवसभर राबून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने जातो, हा त्यांचा अनुभव खरा आहे आणि म्हणूनच त्या आईंना झोपवून ठेवतात. केमोचा थकवा त्या जातीचा नसतो. माणूस दहा तास झोपून उठला तरी तो तसाच अंगावर असतो. उलट पडून राहिल्याने मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात, झिजलेल्या स्नायूंना ओट्यावरून उठण्याएवढे कामही जड जाते, ते जड गेले की माणूस अधिक थकतो, आणि थकला म्हणून घरचे त्याला पुन्हा झोपवतात. "पाय माझे राहिले नाहीत" हे आईंनी आपल्या आजाराचे फार अचूक निदान केले आहे. त्यातला काही भाग औषधाचा आहे, काही रक्त कमी झाल्याचा आहे, पण काही भाग निव्वळ बाजेचा आहे आणि तेवढा आपल्या हातात आहे.

झेपेल तेवढे म्हणजे किती, हे ओळखण्याची सोपी खूण अशी: चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत, परंतु ओवी किंवा अभंग म्हणू गेल्यास मध्येच दम लागला पाहिजे. बोलतानाच धाप लागत असेल तर वेग जास्त झाला, आणि अभंग सुरात म्हणता येत असेल तर तो अजून थोडा वाढवायला हरकत नाही. सुरुवात अंगणात पाच मिनिटांच्या फेरीने, दिवसातून दोन-तीनदा करावी आणि तीन-चार दिवसांनी प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटे वाढवावीत. आता ऊन तापू लागले आहे, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारासच चालावे. केमोत उलट्या-जुलाबांनी आधीच अंगातले पाणी कमी झालेले असते आणि आपल्याकडचे एप्रिल-मे महिन्यांचे ऊन धडधाकट माणसालाही आडवे करते.

एकवीस दिवसांचे वेळापत्रक एकसारखे नसते. डोसानंतरचे पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि गळाठा असतो. तेव्हा घरातल्या घरात फिरणे, अंघोळीला स्वतः जाणे, खुर्चीत बसून पाय हलवणे एवढेच पुरे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत अंगणात चालायला अडचण नाही, पण बाजार, लग्न आणि जत्रा टाळाव्यात. तिसरा आठवडा बहुतेकांना बरा जातो. खरी वाढ त्या आठवड्यात करावी आणि पुढच्या डोसानंतर ती घटली तर मनाला लावून घेऊ नये, कारण ती घटणारच असते.

पायांसाठी मी सर्वांना एकच व्यायाम आधी सांगतो. हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. बाजेवर हा व्यायाम करू नये, ती खचते. छातीवर हात बांधून खुर्चीतून उठावे आणि सावकाश बसावे. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. पाच वेळा जमले की थांबावे, पुढे आठ, मग दहा, आणि थोडी विश्रांती घेऊन पुन्हा एक फेरी. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढे केले, तर ओट्यावरून उठताना भिंत धरावी लागणार नाही, असा माझा अनुभव आहे.

हाताच्या बाबतीत गावातील समजूत अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काखेतील गाठी काढल्याने लसिकेचा, म्हणजे पेशींभोवती साचणाऱ्या पातळ द्रवाचा, निचरा कमी होतो आणि काही स्त्रियांच्या हाताला सूज येते, हे खरे आहे. हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने मात्र ती सूज येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली; त्यांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा, दाबाची (हाताला घट्ट बसणारी) बाही घालून, अगदी हलक्या वजनापासून सुरू करून वजने उचलायला लावली. त्यांच्या हातांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. सूज अचानक बळावण्याचे प्रकार वजन न उचलणाऱ्यांत २९ टक्के, तर उचलणाऱ्यांत १४ टक्के स्त्रियांमध्ये आढळले. हात बांधून ठेवण्याचा खरा तोटा खांद्याला होतो. तो आखडतो आणि पुढे रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर धरून झोपावे लागते तेव्हा रुग्ण रडकुंडीला येतात. जखम भरलेली असल्यास भिंतीकडे तोंड करून बोटे मुंगीसारखी वर चढवत नेणे, केस विंचरणे, पाठीमागे हात नेणे हे आजपासून सुरू करता येईल. पुढे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हे पहिले वजन. हात जड वाटू लागला, बांगडी घट्ट झाली किंवा त्वचा लाल आणि गरम लागली, तर मात्र थांबून लगेच दाखवावे.

व्यायाम कधी अजिबात करू नये, तेही सांगतो. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर व्यायामाचा विषय सोडून थेट रुग्णालय गाठावे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना ताप ही तातडीची गोष्ट असते. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर घरातील हालचालीपुरतेच ठेवावे. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, २० हजारांच्या खाली असतील तर फक्त आवश्यक तेवढे उठणे-बसणे, आणि ५० हजारांच्या खाली असतील तर वजने उचलू नयेत, असा निकष बऱ्याच ठिकाणी वापरतात. छातीत दुखणे, चक्कर, नव्याने सुरू झालेली धाप किंवा दोन्ही पायांवर सूज यांपैकी काही दिसल्यास वाट पाहू नये, कारण लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. त्यासाठीच सुरुवातीला हृदयाची सोनोग्राफी केलेली असते.

शिंदफणा (बीड)

वरील उत्तरात भर घालण्याइतके माझे ज्ञान नाही, मी निवृत्त शिक्षक आहे. पण खांद्याविषयी जे लिहिले आहे त्याला माझा देह साक्षी आहे. तंबाखूने माझ्या डाव्या गालात कर्करोग झाला. गालासोबत मानेच्या गाठी काढल्या आणि नंतर रेडिएशन झाले. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे जखमेची काळजी उत्तम घेतली, परंतु मानेतील गाठी काढताना खांद्याला उचलणाऱ्या नसेला धक्का बसतो आणि खांदा लोंबतो, हे मला कोणीच सांगितले नाही. मी चार महिने हात छातीशी धरून बसलो होतो. सदऱ्याच्या बाहीत हात घालायला बायकोची मदत लागू लागली, तेव्हा कुठे मी दुसऱ्या ठिकाणी जाऊन विचारले.

तोंडाची गोष्ट त्याहून वाईट झाली. रेडिएशननंतर जबडा हळूहळू मिटत जातो आणि ते मिटणे इतके सावकाश असते की ज्वारीची भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय जात नाही हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात. ३५ मिलिमीटरपेक्षा तोंड कमी उघडू लागले की त्याला डॉक्टर जबडा आखडला असे म्हणतात. मला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगितले. पहिल्या दिवशी बारा काड्या मावल्या. दर दोन-तीन आठवड्यांनी एक काडी वाढवत मी सतराव्या काडीपर्यंत आलो आणि त्याला जवळपास चार महिने लागले. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी काही मिनिटे. शाळेत पाढे म्हणून घेतल्याप्रमाणे मी तो परिपाठ स्वतःकडून करून घेतला, आणि खरे सांगायचे तर पहिले दोन आठवडे मला फार राग येत असे, कारण दुखते खूप आणि दिसत काहीच नाही.

हे इथे लिहिण्याचे कारण असे की आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण घरोघरी आहेत आणि व्यायाम म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जोर-बैठका किंवा सकाळचे फिरणे एवढेच येते. जबडा, जीभ आणि खांदा यांचाही व्यायाम असतो आणि तो उपचार सुरू होण्याच्या आधीपासून शिकून घेतला तर माझ्यासारखे चार महिने वाया जात नाहीत.

रानवाट (जालना)

मला एक साधा प्रश्न पडला आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे रानात काम केले, तिला अंगणात पाच मिनिटे फेऱ्या मारायला सांगणे थोडे हास्यास्पद वाटत नाही का? माझ्या चुलतीला दोन वर्षांपूर्वी हाच आजार झाला. ती केमोच्या काळातही धुणी-भांडी करत होती आणि तिसऱ्या आठवड्यात तुरीच्या शेंगा तोडायला जात होती. तिला कोणी व्यायाम सांगितला नाही, आणि मजुरी बुडवून फिरायला जा असे कोणी सांगितले असते तरी तिने ते ऐकले नसते. आराम आणि व्यायाम यांवरील ही सगळी चर्चा ज्यांना घरी बसणे परवडते त्यांच्यासाठी आहे, असे मला वाटते.

हालचाल (लातूर)

आपला मुद्दा योग्य आहे आणि तो माझ्या उत्तरातून सुटला होता. आपल्या चुलती त्या काळात हालचाल करत राहिल्या याचा त्यांना फायदाच झाला असणार. घरकाम हीदेखील हालचाल आहे आणि जिला ते जमते तिच्याकडून ते काढून घेऊ नये. गोदाकाठ यांच्या आईंना भाकरी थापायची इच्छा असेल तर थापू द्यावी.

तरीही शेतकाम आणि व्यायाम यांना मी एक मानत नाही, आणि त्याची कारणे व्यवहारातली आहेत. व्यायामात आज किती आणि उद्या किती हे आपण ठरवतो आणि दम लागला की थांबतो. रोजंदारीच्या रानात पात धरलेली असते, सोबतच्या बायका पुढे जात असतात आणि थांबणे माणसाच्या हाती राहत नाही. शिवाय खुरपताना तासन् तास वाकून बसल्याने कंबर आणि गुडघे झिजतात, हृदयाला आणि फुप्फुसांना हवा तो सराव मात्र त्यातून मिळतोच असे नाही. आणि ज्यांच्या काखेतील गाठी काढल्या आहेत त्यांच्यासाठी कापूस वेचणे हे मला सर्वांत काळजीचे काम वाटते. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांना ओरखडे पडतात, त्यांतून जंतू शिरले की तो हात लाल होऊन फुगतो, आणि अशा जंतुसंसर्गानंतर आलेली सूज पुढे जन्मभर राहू शकते. गोदाकाठ यांच्या गावातील त्या बाईचा हात पाण्याच्या घागरीने सुजला की एखाद्या काट्याने, हे आता कोणी सांगू शकणार नाही, पण घागरीवर सगळा दोष टाकण्याआधी मी तिच्या बोटांकडे पाहिले असते. रानात जावेच लागले तर जाड हातमोजे घालावेत आणि ओरखडा दिसताच साबणाने धुऊन औषध लावावे.

मजुरीचा प्रश्न मात्र मी सोडवू शकत नाही. खुर्चीतून दहा वेळा उठण्यासाठी मजुरी बुडवावी लागत नाही, एवढेच मी म्हणेन.

मन्याड (नांदेड)

मला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया आणि केमो झाली. व्यायामाने थकवा जातो एवढेच इथे लिहिले गेले आहे, पण त्याहून मोठी गोष्ट २०२५ च्या जूनमध्ये जाहीर झाली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांच्या पुढाकाराने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, उरलेल्यांना आरोग्यविषयक पुस्तिका दिली. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८०.३ टक्के आणि इतरांत ७३.९ टक्के होते, तर आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के होते. एखाद्या महागड्या औषधाने हे केले असते तर वर्तमानपत्रांनी पहिले पान दिले असते. मी तेव्हापासून रोज पाऊण तास चालतो. ताई, आईंना चालवा, आजार परत येणार नाही.

हालचाल (लातूर)

मन्याड यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत आणि ही चाचणी महत्त्वाची आहे, यात शंका नाही. परंतु त्यांचे शेवटचे वाक्य मी मागे घ्यायला सांगेन. ती चाचणी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची होती, आणि त्यातील रुग्णांनी शस्त्रक्रिया व केमो पूर्ण झाल्यावर व्यायाम सुरू केला होता. चालू केमोतील स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. व्यायाम करणाऱ्या गटातही पाच वर्षांत प्रत्येक पाचांपैकी जवळपास एकाचा आजार उलटला होता किंवा तो दगावला होता. उद्या कोणाचा आजार परत आला, तर "तू चालली नाहीस म्हणून आला" असे तिला ऐकावे लागू नये, यासाठी मी याबाबत फार काटेकोर आहे. स्नायू-सांध्यांच्या तक्रारीही व्यायाम करणाऱ्यांत जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५ टक्के, म्हणून वेग हळूहळू वाढवण्याचा आग्रह.

स्तनाच्या कर्करोगाबद्दल केमो चालू असतानाची एक जुनी चाचणी सांगता येईल. २००७ मध्ये कॅनडातील २४२ स्त्रियांवरील अभ्यासात, वजने उचलणाऱ्या गटातील स्त्रियांना ठरलेल्या केमोचा अधिक हिस्सा पूर्ण घेता आला होता. नंतरच्या सर्वच अभ्यासांत तसे दिसले नाही, त्यामुळे त्यावर मी फार भार देत नाही. परंतु व्यायामामुळे केमो अडली किंवा हात सुजले असे त्या अभ्यासातही आढळले नव्हते.

मांजरा (धाराशिव)

हा धागा माझ्यासारखे अनेक जण वाचतील म्हणून एक सावधगिरीची गोष्ट लिहितो. माझ्या वडिलांचा प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत पसरलेला आहे. शेजारच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून त्यांनी योगासने सुरू केली आणि पुढे वाकण्याच्या एका आसनानंतर कमरेत एकदम कळ आली. तपासणीत मणका दबल्याचे निघाले. नंतर डॉक्टरांनी त्यांचा व्यायाम बंद केला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. पुढे वाकणे, कंबर पिळणे, उड्या आणि जड वजन मात्र त्यांनी कायमचे वर्ज्य केले आणि सपाट जागेवर काठी घेऊन चालणे व उताणे झोपून करायचे पायांचे काही व्यायाम सांगितले. हाडांत आजार गेलेला असेल तर कोणते हाड कितपत कमकुवत आहे हे स्कॅनवरून कळल्याशिवाय कोणाचेही ऐकून काही सुरू करू नये. पाय एकाएकी लुळे पडू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, असेही आम्हाला बजावून सांगितले आहे.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये तीन आठवडे गेले म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. हालचाल सरांचे उत्तर मी वहीत उतरवून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हिमोग्लोबिन ९.६ असल्याचे सांगून चालायला आणि खुर्चीच्या व्यायामाला परवानगी दिली आणि खांद्याचे व्यायाम तिथल्याच फिजिओथेरपी विभागात दाखवून घ्यायला सांगितले. चौथा डोस झाला. त्यानंतर चार दिवस आई उठलीच नाही आणि आत्याला बोलायला निमित्त मिळाले, पण ते दिवस तसेच जातात हे आधी वाचलेले होते म्हणून मी घाबरले नाही. आता ती सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येते, म्हणजे जाऊन-येऊन सोळा मिनिटे. एकटीला पाठवायला नको म्हणून आत्याच सोबत जाते आणि वाटेत आईला बोलतं ठेवते. खुर्चीतून हात न लावता सहा वेळा उठणे होते. उजवा हात भिंतीवर कानाच्या वरपर्यंत जातो. तिथे कोळशाने रोज खूण करायची असा तिचा हट्ट आहे आणि भिंत खराब झाली तरी आम्ही ती करू देतो.

आता पॅक्लिटॅक्सेल सुरू होणार आहे. त्याने पायांना मुंग्या येतात असे बाजूच्या पलंगावरील बाई सांगत होत्या. तेव्हाही चालणे असेच चालू ठेवायचे का?

हालचाल (लातूर)

चालू ठेवायचे, मात्र पायांकडे लक्ष ठेवून. त्या औषधाने पायांची आणि बोटांची संवेदना कमी होऊ शकते आणि मग जमीन पायाखाली नीट जाणवत नाही. मुंग्या किंवा बधिरपणा सुरू झाला की पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगावे. केमोत हे व्हायचेच म्हणून रुग्ण बऱ्याचदा गप्प बसतात आणि डॉक्टरांना मात्रा बदलण्याची संधीच मिळत नाही. अनवाणी चालणे, अगदी देवळाच्या आवारातसुद्धा, तेवढ्या काळापुरते बंद करावे. घसरणारी स्लीपर न वापरता मागून पट्टा असलेली चप्पल किंवा कापडी बूट वापरावेत आणि रात्री झोपताना तळपाय उजेडात पाहावेत, कारण खडा रुतला किंवा फोड आला तरी त्यांना तो जाणवेलच असे नाही. चालण्याला तोलाचा एक व्यायाम जोडा: चुलीच्या ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहायचे, मग दुसऱ्या पायावर. आत्या जवळ उभ्या असतील तेव्हाच.

कोळशाच्या खुणांचा फोटो काढून ठेवा. रेडिएशनच्या आधीच्या तपासणीला जाताना तो सोबत न्या. हात कुठपर्यंत वर जातो, हे तिथे विचारतातच.